रोग की दोष? : मेंदूच्या साक्षीचा इतिहास



मेंदूच्या इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. मी डॉक्टर नव्हे, प्राध्यापक तर नव्हेच. नववीत शाळा सुटली आणि कारखान्याचा भोंगा कानी पडू लागला. पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. जे काही वाचले ते नगर वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला, कारण तो एका तंट्याच्या रूपाने माझ्या दारी आला होता.

गोष्ट १९९७ सालची. आमच्याकडच्या एका कारखान्यात एक जोडारी दुसऱ्या पाळीला कामावर होता. रात्री आठच्या सुमारास त्याच्या हातून पाना गळून पडला. मुकादमाने हटकले तेव्हा त्याची जीभ जड झालेली, शब्द धड फुटेना, आणि चालताना उजवा पाय ओढत होता. मुकादमाने तिथल्या तिथे निदान केले: हा प्यालेला आहे. त्याला फाटकाजवळच्या बाकावर बसवून ठेवले आणि पाळी सुटल्यावर घरी धाडले. घरच्या माणसांचाही समज तोच झाला. झोपला की उतरेल, म्हणून त्यांनी त्याला झोपू दिले. तिसऱ्या दिवशी शहरात नेऊन मेंदूचे सी. टी. स्कॅन काढले, आणि त्याच आठवड्यात दारू पिऊन कामावर आल्याचे आरोपपत्र घरी येऊन पडले.

चौकशीला मी त्याचा प्रतिनिधी म्हणून बसलो. चौकशी अधिकाऱ्याने त्याला विचारले, "त्या रात्री तू दारू प्याला होतास काय?" आमचा माणूस म्हणाला, "बरं." त्याच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. नाव विचारा, गाव विचारा, उत्तर 'बरं'. परंतु अधिकारी तो कबुलीजबाब म्हणून लिहून घेऊ लागला. तेव्हा मी पिशवीतून स्कॅनची काळी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मेंदूच्या डाव्या भागात एक काळसर डाग होता. सोबत डॉक्टरांचे पत्र होते: रक्तवाहिनी बंद पडून मेंदूचा एवढा भाग मेला आहे, वाचा आणि उजवे अंग त्यामुळेच गेले आहे. आरोपपत्र मागे घेतले गेले. ज्याची जीभ गेली त्याच्यातर्फे त्याच्या मेंदूच्या चित्राने साक्ष दिली.

ही साक्ष काढण्याची विद्या माणसाने कशी मिळवली, ते शोधण्यासाठी मी वाचू लागलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, आणि तीच आज मला सांगायची आहे. मेंदूच्या दुखण्याचा इतिहास म्हणजे दोषाचा रोग होत जाण्याचा इतिहास होय. पाय मोडलेल्या माणसाला कोणी वाईट म्हणत नाही. मेंदू दुखावलेल्या माणसाला मात्र जगाने दारुडा म्हटले, चोर म्हटले, वेडा म्हटले. आणि तो समज खोडून काढणारा पुरावा पुष्कळदा कष्टकऱ्यांच्याच डोक्यांतून मिळाला आहे.

आपल्या भाषेत अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. वारे बाहेरून येते. माणसाचा त्यावर इलाज नाही. युरोपातही जुन्या काळी ही अदृश्य शक्तीची थप्पड समजत. १६५८ साली योहान याकोब वेप्फर ह्या स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावच्या वैद्याने ह्या दुखण्याने मेलेल्यांची शवे फाडून पाहिली. मेंदूत रक्त सांडलेले त्याला दिसले, आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बुजल्यानेही हे दुखणे होऊ शकते, असे त्याने मांडले. वारे नव्हे, रक्त. पुढच्या साऱ्या विद्येचा पाया हा. परंतु वेप्फरला जे दिसले ते मेल्यानंतर. जिवंत माणसाच्या कवटीत काय चालले आहे, हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग अपघातांनी उघडला, आणि अपघात कोणाला होतात हे मी आपणांस सांगायला नको.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमॉन्ट संस्थानात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेचा रस्ता फोडण्याचे काम चालू होते. फिनिअस गेज नावाचा पंचवीस वर्षांचा मुकादम सुरुंगात दारू ठासत होता. ठिणगी उडाली, आणि साडेतीन फुटांहून लांब, सव्वातेरा पौंड वजनाची लोखंडी पहार त्याच्या गालाखालून शिरून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. गेज मेला नाही. तो बोलत होता, शुद्धीवर होता. जॉन हार्लो ह्या डॉक्टरने त्याला वाचवले. परंतु हार्लोने १८६८ साली लिहून ठेवले की, पूर्वी ज्याला ठेकेदार आपला सर्वांत कर्तबगार मुकादम मानत, तो आता लहरी, शिवराळ आणि हट्टी झाला होता. ठेकेदारांनी त्याला जुनी जागा दिली नाही.

ह्या गोष्टीची पुढे दंतकथा झाली: पहार गेली आणि सज्जनाचा दुर्जन झाला! पुढचे वृत्त सहसा कोणी सांगत नाही. हाच गेज चिली देशात गेला आणि कित्येक वर्षे तेथे प्रवाशांची घोडागाडी हाकण्याचे काम त्याने केले. अनेक घोड्यांचे लगाम, ठरलेल्या वेळा, परकी भाषा, उतारूंची ने-आण. हे काय बिघडलेल्या माणसाचे काम? १८६० साली तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. १९९४ साली त्या कवटीच्या मापांवरून संगणकाने पहारेचा मार्ग काढला, तेव्हा कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला होता असे दिसले. स्वभाव म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो त्यालाही मेंदूत जागा आहे, हा धडा जगाला ह्या सुरुंगवाल्याने दिला.

आता पॅरिसला जाऊ. तेथे बिसेत्र नावाच्या इस्पितळात एक रोगी एकवीस वर्षे पडून होता. त्याला सारे 'तां' म्हणत, कारण कोणत्याही प्रश्नाला तो 'तां, तां' एवढेच बोले. इस्पितळात त्याचा लौकिक वाईट होता: आपमतलबी, खुनशी, चोरटा. ११ एप्रिल १८६१ रोजी पाय सडल्यामुळे त्याला पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्याकडे आणले. ब्रोकाने त्याला विचारले, येथे येऊन किती वर्षे झाली? त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवले. एकवीस! हिशेब चोख होता. म्हणजे समज शाबूत होती. गेली होती ती वाचा. सहा दिवसांनी तो मरण पावला. ब्रोकाने त्याचा मेंदू काढून पाहिला, तर डाव्या बाजूस पुढच्या भागात खोल खड्डा होता. त्याच वर्षी ब्रोकाकडे दुसरा रोगी आला. त्याचे नाव लेलाँ. चौऱ्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा पूर्वी खणकामाचा मजूर होता आणि त्याच्याजवळ अवघे पाच शब्द उरले होते. कोणताही आकडा सांगायचा तर तो 'तीन' असाच शब्द वापरी, परंतु बोटे मात्र बरोबर दाखवी. त्याच्याही मेंदूत इजा त्याच जागी निघाली. बोलण्याची जागा डावीकडे आहे, हे शास्त्राला कळले ते असे.

'तां'चे खरे नाव काय, हे दीडशे वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. त्याचे आडनाव लबोर्न्य एवढीच नोंद होती. २०१३ साली सेझारी दोमान्स्की ह्या पोलिश अभ्यासकाने जुनी दप्तरे धुंडाळून त्याचा शोध लावला. लुई व्हिक्तोर लबोर्न्य, जन्म १८०९, गाव मोरे, धंदा जोडे शिवताना आत बसवायचे लाकडी फर्मे करण्याचा. लहानपणापासून फेफऱ्याचा आजार. सगळ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत ज्याचा मेंदू छापला गेला, त्या कारागिराला स्वतःचे नाव परत मिळायला एवढी वर्षे लागली. लेलाँचे 'पाच शब्द' मी वाचले, तेव्हा आमच्या जोडाऱ्याचा 'बरं' मला आठवला. ब्रोका चौकशी अधिकारी असता, तर त्याने आधी बोटे मोजली असती.

तिसरी गोष्ट इटलीतली. १८७७ साली मिकेले बेर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यावर उंचावरून वीट पडली आणि कवटीला भोक पडले. जखम भरत असताना त्या भोकातून मेंदूची धडधड दिसत होती. तूरीनच्या आंजेलो मोस्सो ह्या शरीरशास्त्रज्ञाने त्यावर यंत्र बसवून धडधडीचा आलेख काढला. एके दिवशी दुपारी देवळाची घंटा वाजली आणि आलेखाची रेघ उंचावली. हाताची नाडी मात्र तशीच होती. मोस्सोने विचारले, घंटा ऐकून प्रार्थना आठवली काय? बेर्तिनो होय म्हणाला, आणि रेघ पुन्हा उंचावली. मग आठ बारा किती, असे विचारले. तेव्हाही तेच घडले. विचार करू लागले की मेंदूतील रक्ताचा ओघ बदलतो, हे त्या शेतकऱ्याच्या डोक्याने दाखवून दिले. आजची जी यंत्रे 'मेंदू काम करताना' दाखवतात, ती मुळात रक्ताचा हा ओघच टिपत असतात.

आता स्मृतिभ्रंशाकडे वळू. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. 'म्हातारचळ' हा शब्द तर शिवीच आहे. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर ह्या एकावन्न वर्षांच्या बाईला दाखल केले. तिचा नवरा रेल्वे कचेरीत कारकून. आधी ती नवऱ्यावर अकारण संशय घेऊ लागली, मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू लपवू लागली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल, ते आपण जाणतोच. परंतु आलोइस आल्त्सहायमर हा डॉक्टर तिच्याजवळ बसला आणि प्रश्नोत्तरे लिहून घेऊ लागला. नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? तिने तेच सांगितले. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली. आल्त्सहायमर तेव्हा म्युनिकला होता. त्याने मेंदू मागवून घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला पेशींच्या बाहेर साचलेल्या गाठी आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता दिसला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्याने हे वाचून दाखवले. १९१० साली क्रेपेलीनने ह्या रोगाला त्याचे नाव दिले, त्यालाच आपण अल्झायमर म्हणतो. संशयी, भांडखोर बायको म्हणून जिची संभावना व्हायची, तिच्या मेंदूत रोग होता.

परंतु पाहा, गेज सोडला तर येथेही साक्ष मेल्यावर मिळाली, किंवा बेर्तिनोसारखी कवटी फुटल्यावर. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, तेव्हा लोकांना वाटले, आता मेंदूही दिसेल. दिसली ती कवटी. मेंदूची सावली त्या किरणांत वेगळी उमटत नाही. १९१८-१९ साली वॉल्टर डँडी ह्या अमेरिकन शस्त्रवैद्याने मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढण्याची रीत काढली. पाण्याजागी हवा गेली की पोकळीचा आकार दिसे, परंतु कण्यातून हवा भरताना रोग्याचे डोके दुखून फुटायची वेळ येई. १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझने मानेतील रोहिणीत औषध टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र मिळवले. दोन्ही उपाय कामाचे, पण जिकिरीचे. रोग्याला छळल्याविना मेंदू आपली साक्ष देईना.

हे कोडे ज्याने सोडवले तो मला फार जवळचा वाटतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. महायुद्धात विमानदळात रडार शिकला, पुढे एका विद्युत महाविद्यालयाची पदविका घेतली आणि ई. एम. आय. कंपनीत नोकरीला लागला. आपल्या वाडवडिलांच्या घरी कुत्रा आणि कर्ण्याचे चित्र असलेल्या तबकड्या असत. त्या तबकड्या काढणाऱ्यांचीच ही कंपनी. त्याची कल्पना सोपी होती. बंद पेटीत काय आहे हे एका बाजूने कळत नसेल, तर सगळ्या बाजूंनी पाहा. डोक्यातून किरणांचा बारीक झोत आरपार सोडायचा, पलीकडे किती उरला ते मोजायचे, थोडे फिरवून पुन्हा मोजायचे. असे १८० कोनांतून प्रत्येकी १६० वेळा, म्हणजे २८,८०० मोजण्या, आणि मग संगणकाने हिशेब करून सांगायचे की आत कोणत्या चौकटीत किती घनता आहे. प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला एका वस्तूची मोजणी करायला नऊ दिवस लागले. खाटकाकडून जनावरांचे मेंदू आणून त्याने प्रयोग केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात डॉक्टर जेम्स ॲम्ब्रोज ह्यांच्या देखरेखीखाली पहिल्या रोग्याचे स्कॅन झाले. ती एक स्त्री होती, आणि तिच्या मेंदूतील गाठ चित्रात स्पष्ट दिसली. कवटी न उघडता, हवा न भरता जिवंत मेंदूने साक्ष दिली. १९७९ साली हाउन्सफील्डला आणि हे गणित स्वतंत्रपणे मांडणाऱ्या ॲलन कॉर्मॅकला नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांपैकी एकाजवळही डॉक्टरेट नव्हती.

पुढे चुंबकाच्या साह्याने चित्र काढणारे एम. आर. आय. आले. त्याबद्दल २००३ साली पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड ह्यांना नोबेल मिळाले. हा मॅन्सफील्ड लंडनमधील गॅस जोडणाऱ्या कारागिराचा मुलगा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात पुस्तकबांधणीच्या हाताखाली लागला होता. शाळेचे उरलेले शिक्षण त्याने रात्रीच्या वर्गांत केले. आणि २००७ साली, संग्रहालयात जपलेला लबोर्न्यचा मेंदू अशाच यंत्रात तपासल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ब्रोकाने तो मेंदू चिरला नव्हता. यंत्राने दाखवले की इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून पुष्कळ खोल गेली होती.

आता आमच्या जोडाऱ्याच्या बाकाकडे परत येतो. अर्धांगवायू दोन प्रकारचा: वाहिनी फुटते किंवा बुजते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र उलट. सांडलेले रक्त सी. टी. मध्ये लगेच पांढरे दिसते. म्हणून आधी चित्र, मग औषध. १९९५ साली अमेरिकेतील प्रयोगाने सिद्ध केले की गाठ विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिले तर अपंगत्व कमी होते. २००८ सालच्या युरोपातील प्रयोगाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. २०१५ पासून मोठ्या वाहिनीतील गाठ तारेने ओढून काढण्याचा उपायही सिद्ध झाला आहे. एका अमेरिकन डॉक्टरने २००६ साली हिशेब मांडला की, मोठी वाहिनी बुजली तर दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख मज्जापेशी मरतात. आमचा माणूस फाटकाजवळच्या त्या बाकावर पाळी सुटेपर्यंत बसला होता. औषध तेव्हा आपल्या गावी पोहोचले नसते, हे खरे. परंतु आज ते पोहोचू शकते, आणि बाक अजून तेथेच आहे.

यंत्राची मी एवढी स्तुती केली, म्हणून एक इशाराही द्यायला हवा. चित्र म्हणजे माणूस नव्हे. वाहिनी बुजल्यावर पहिल्या काही तासांत सी. टी. बहुधा स्वच्छच दिसते. म्हणून चित्र कोरे आले तरी माणूस खोटा ठरत नाही. २००२ पासून जिवंत माणसाच्या मेंदूतील आल्त्सहायमरच्या गाठी विशेष तपासणीत दिसू लागल्या. परंतु त्याच गाठी काही चांगल्या शहाण्यासुरत्या म्हाताऱ्यांच्या मेंदूतही सापडतात. आणि जी साक्ष रोग्याच्या बाजूने देता येते, ती त्याच्याविरुद्धही ओढून काढण्याचा मोह सत्तेला होतो. आपल्या देशात आरोपींच्या मेंदूतील विद्युत्प्रवाह मोजून गुन्हा शोधण्याचे प्रकार झाले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, संमतीवाचून अशी तपासणी करता येणार नाही. माझ्या मते तो निर्णय कामगारांनीही पाठ करून ठेवावा. कारखानदार उद्या मेंदूच्या चित्रावरून नोकरी देऊ किंवा काढू म्हणेल, तेव्हा तो उपयोगी पडेल.

म्हणून मला ब्रोकाचा प्रश्न आणि आल्त्सहायमरची वही यंत्राइतकीच मोलाची वाटते. दोघांनी यंत्रावाचून एक गोष्ट केली: ज्याला साऱ्यांनी नालायक ठरवले होते, त्याच्याजवळ बसून त्याला विचारले आणि उत्तर येईतो थांबले.

आमचा जोडारी पुढे अकरा वर्षे जगला. कारखान्याने त्याला भांडाराच्या खिडकीवर हलके काम दिले. 'बरं' खेरीज आणखी पाच-सहा शब्द परत आले. १ मेच्या सभेला तो न चुकता येई आणि डाव्या हाताने झेंडा धरी. त्याने मला मेंदू शिकवला. त्याच्या वतीने एवढेच मागणे आहे: पाळीवर, बाजारात, एस. टी.च्या रांगेत कोणी एकाएकी अडखळला, बोलताना बोबडा झाला, तर त्याचे तोंड हुंगण्याआधी त्याला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. तोंड वाकडे झाले, हात खाली आला, शब्द अडला, तर घड्याळ पाहा आणि जेथे स्कॅनचे यंत्र आहे अशा इस्पितळात त्याला तडक न्या. प्यालेला असेल तर एक फेरी फुकट जाईल, इतकेच.